तुर्की हवेलीतले जन्मवार

टीव्हीवर तुर्की हवेलीची मालकीण डोळे पुसत मुलीला म्हणाली, "पोरी, तुमच्या दोघांच्या जन्मवारांची बेरीज जुळत नाही." म्हणजे ती खरं काय म्हणाली ते तिलाच ठाऊक, खाली सबटायटलमध्ये तसं आलं. तेही बाई तोंड मिटून पाण्याचा पेला उचलायला लागल्यावर.

दानांगने डोळे मिटून घेतले. जकार्तात तो एका कंपनीत सबटायटल्स तपासायचा. एका ओळीत अक्षरं किती असावीत, ती किती वेळ टिकावीत, यावर त्याची ठाम मतं होती. ज्यांना अशी मतं नसतात त्यांच्याबद्दलही होती.

"जन्मवार?" तो वेनिंगच्या कानाशी कुजबुजला. "इस्तंबूलमध्ये? उद्या हा हीरो आपलं सोयाबीनचं टेंपे तळायला बसेल."

"बसतो. चाळिसाव्या भागात," वेनिंग म्हणाली. "आता गप्प बस ना, दानांग. आजचा दिवस तरी."

तिचे डोळे लाल होते. हल्ली नेहमीच असायचे. दानांगने तिला एका चांगल्या चष्म्याचं नाव सुचवलं होतं.

आजचा दिवस मोठा होता. वेनिंगच्या आईने, इबू सुकीनेमने, दोन वर्षं या लग्नाला नकार दिला होता. कारण तेच: जावात लग्नाआधी पत्रिकेसारखी बघतात ती दोघांच्या जन्मवारांची बेरीज वाईट निघत होती आणि बेरजेपुढे पोरीचं रडणं कमी पडत होतं. पण अलीकडे म्हातारी मऊ पडली होती. "मालिका संपू दे, मग काय ते सांगते," असं तिने कबूल केलं होतं. आज शेवटचे दोन भाग होते. दानांगच्या मते हा सगळा त्याने ईदला पाठवलेल्या ज्यूसरचा परिणाम होता. ज्यूसर न उघडलेल्या खोक्यात होता आणि खोकं टीव्हीखाली, उंची द्यायला.

इबू शेंगा सोलत बघत होती. दुपारभर ती शेजारच्या पार्मीकडे एम्पिंगच्या पापड्यांसाठी बिया ठेचायला जायची. संध्याकाळी ही मालिका. हवेलीतली मुलगी हुंदके देऊ लागली, खाली अक्षरं आली आणि इबू खुदकन हसली.

दानांगला कीव आली. या घरात टीव्हीवर अक्षरं उशिरा यायची, इबूच्या फोनवर लवकर आणि टॅबवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. फोनवर तर मालकिणीने माफ करायच्या आधीच मुलगी तिचे आभार मानत होती. रडायचं कुठे नि हसायचं कुठे, हे या माणसांना कळणार तरी कसं?

भाग संपला. वेनिंग मेंडोआन, म्हणजे टेंपेची भजी, तळायला आत गेली. दानांगने तिचा लॅपटॉप पुढ्यात ओढला.

"इबू, मी हे नीट करून देतो. माझ्याकडे कंपनीची खरी सबटायटल्स आहेत."

"मग ही खोटी आहेत?"

"कचरा आहे नुसता."

इबूने एक शेंग फोडली. "कुणी लिहिलं असेल रे हे?"

"कुणीतरी बिनडोक. ज्याला दुसरा उद्योग नाही असा. शंभर भाग बसून लिहिलेत, विचार करा! अशा माणसाचं लग्नसुद्धा जमत नसेल."

"तसंच काहीसं," इबू म्हणाली.

"पुसून टाकू?"

"तू शिकलेला आहेस, पोरा. तूच ठरव."

त्या टीव्हीला एक खोड होती. व्हिडिओचं आणि सबटायटलचं नाव तंतोतंत एक नसेल, तर तो सबटायटलकडे ढुंकून बघत नसे. म्हणून दानांगने जुन्या फाइलवरच नवी चढवली. पेनड्राइव्हवर, फोनवर, टॅबवर. लॅपटॉपमधली मूळ प्रत पुसली आणि वर तिथली कचरापेटीही रिकामी केली. स्वच्छतेची त्याला आवड होती.

वेनिंग ताट घेऊन बाहेर आली तेव्हा शेवटचा भाग सुरू झाला होता. अक्षरं ओठांबरोबर उमटत होती. ती उंबऱ्यातच थांबली.

"काय केलंस तू?"

"बघ तर खरं! आभार नंतर मान."

हवेलीच्या मालकिणीने जन्मवारांचं नावही काढलं नाही. मुलीच्या प्रियकराचा डोळा हवेलीवर आहे, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून कळलं होतं, असं ती म्हणाली. मग प्रियकर दागिने घेऊन पळाला. मुलगी आईच्या पायाशी बसली. "आई, तुझंच खरं होतं." समुद्र, पक्षी, समाप्त.

मेंडोआन गार झालं होतं.

"इबू, हे चुकीचं आहे," वेनिंग घाईने म्हणाली. "खऱ्या गोष्टीत असं नाहीये. खऱ्यात त्यांचं लग्न होतं. तूच विचार कर, शंभर भाग तो इतका चांगला वागला आणि..."

"हो, हो," दानांग म्हणाला. "कंपनीच्या सबटायटल्समध्येसुद्धा चुका असतात. पुष्कळ असतात. तिथे सगळे गाढव भरलेत."

"चूक काही नाही," इबू म्हणाली. "बरोबर असंच आहे. पार्मीच्या मोठ्या टीव्हीवर आम्ही दोघींनी रमजानच्या आधीच संपवलीय ही मालिका."

तिने टरफलं सुपात गोळा केली. मग उठून टीव्हीखालचं खोकं ओढून काढलं आणि दानांगच्या पायाशी ठेवलं. टीव्ही वीतभर खाली आला.

"बेरजेचा नाद मी कधीच सोडला होता," ती म्हणाली. "माझ्या पोरीने शेवट काय लिहिलाय, तेवढं वाचायला बसले होते."