सातवं गिधाड

"पंधरा दिवसांत गाईला काही टोचलं होतं? दुखण्याचं, तापाचं?"

गिधाडांच्या माळाचा राखणदार हे प्रत्येक मेल्या जनावरामागे तीनदा विचारायचा. ही तिसरी वेळ.

"नाही, नाही आणि नाही!" दूधवाली वैतागली. "सून करून आणताना मीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती."

सून ट्रॅक्टरपाशी उभी होती. ती हसली नाही.

"रागावू नका ताई. ते औषध मांसात राहतं. एका सुईत गिधाडांचा अख्खा थवा जातो. माना टाकून बसतात, दोन-तीन दिवसांत खलास."

त्याने गाय उताणी केली, पोटावर सुरी ओढली. कासेपाशी कुत्र्यांनी लचके तोडले होते.

"किती होती?"

"अकरा. नुकती व्यालेली, पळणार कुठे?" दूधवाली गाईकडे बघत म्हणाली. "पूर्वी एवढी कुत्री नव्हती हो."

"पूर्वी मेलेलं सगळं ही खायची." त्याने वर बोट केलं. "आता कुत्र्यांना आयतं ताट."

वर घिरट्या सुरू झाल्या होत्या. त्याने ओठ हलवत मोजलं. सात. सातच्या सात. नऊ दिवसांचा उपास होता त्यांना. एकेक करून ती उतरली आणि गाईभोवती गोल करून बसली. सातवं सगळ्यात लहान. कड्यावरून पडलेलं, त्यानेच खिमा भरवून वाढवलेलं. ते उड्या मारत थेट त्याच्या बुटांपाशी आलं.

"बघा, लाडोबा," तो म्हणाला.

पहिल्या गिधाडाने मान लांब केली.

"काका, दिलंय!" सून ओरडली. "इंजेक्शन दिलंय!"

"कोणी?" दूधवाली गर्रकन वळली.

"मी. काल. कपाटात जुनी बाटली होती. आई, ती हंबरत होती हो रात्रभर... तुम्ही कानांवर उशी घेतलीत. मला नाही ऐकवलं."

राखणदार तोवर धावला होता. काठी फिरवत, शिव्या देत. अकरा वर्षं ज्यांच्यासमोर तो खोकलाही दाबायचा, त्यांच्यावर त्याने दगड उचलले. सहा उडाली. सातवं उडालं नाही. दगड शेजारी पडला, तर ते चोचीने तो उलटा करून बघायला लागलं. मग गाईच्या पोटाकडे वळलं.

"जा ना रे," तो म्हणाला. "जा की मेल्या!"

पुढचा दगड त्याने नेम धरून मारला. पंखाच्या मुळाशी बसला. पाखरू कलंडलं, सावरलं, त्याच्याकडे बघत राहिलं. त्याने आणखी एक उचलला. तेव्हा ते उडालं, एका अंगाने तिरकं.



"पुरावी लागेल," तो गाईकडे वळून म्हणाला. "पुरुषभर खोल. गावातून फावडी आणा. माणसं आणा."

सून ट्रॅक्टरकडे पळाली. दूधवाली गेली नाही. तिने पदर खोचला, एक दगड उचलला आणि गाईच्या डोक्याशी येऊन बसली. तो शेपटाकडे बसला.

ट्रॅक्टरचा आवाज दूर गेला तशी बांधावरून कुत्री उतरली. घाई कसलीच नव्हती त्यांना. गिधाडं बसली होती त्याच जागी ती बसली, गोल करून.