अग्रक्रम

सेलूतल्या प्रणालीच्या घरचं नेट दुपारी मंदावायचं. त्या दिवशी नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती, दोन वर्षांनी आलेली, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये तिनं आपला लॅपटॉप पहिला ठेवला, सासूबाईंचा मोबाइल शेवटी. मुलाखत रंगात आली तोच सासूबाई दारात आल्या. नागपूरच्या दवाखान्यातल्या त्यांच्या बहिणीची वाचा गेली होती; फक्त व्हिडिओ कॉलवर चेहरा पाहून हसायची. "भाच्याचा निरोप आला, कुसुमची तब्येत बिघडली, बेटा. पण फोनवर चकरीच फिरून राह्यली." सेटिंग बदलली तर मुलाखत तुटली असती. प्रणालीनं हातानंच थांबायला सांगितलं. सासूबाई मुकाट्यानं परतल्या. मुलाखत संपताच सेटिंग बदलून तिनंच कॉल लावला. चित्र लख्ख आलं. भाचा रडत होता. "मावशी, आई गेली." सासूबाईंनी डोळे पुसले, प्रणालीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुह्यं काम झालं ना?"