रिकामा निरोप

"'थांब' म्हणून शंभरदा सांगितलं, पण प्रोग्राम ढिम्म हलत नाही. मारूनच टाकू?" सहकाऱ्याने हात टेकले.

"नको, अर्धवट लिहिलेलं बुडेल. तो हट्टी नाही रे, निरोपाला कान लावून बसलाय. निरोप आला की मगच मान वळवेल," ती म्हणाली.

तिने एक रिकामा निरोप धाडला. प्रोग्रामने मान वळवली, आधीच येऊन पडलेलं 'थांब' वाचलं आणि सगळं नीट आवरून तो गुपचूप बंद झाला.

घरी बाबा सकाळपासून फोनपाशी बसलेले. "दादाचा फोन आल्याशिवाय जेवणार नाहीत म्हणे. हाका मारून घसा बसला माझा," आई म्हणाली.

तिने स्वयंपाकघरातूनच मोबाइलवरून घरचा नंबर फिरवला.

"बाबा, मी बोलतेय. जेवायला या."

बाबांनी फोन खाली ठेवला.

"फोन आला गं!" आईला ओरडून सांगत ते हात धुवायला उठले.