चिमीच्या फोल्डरमधली बाई

"अगं आई, या यंत्राला चष्मा लावायला हवा! बघ, माझ्या फोल्डरमध्ये कोणाला आणून बसवलंय."

चिमीला हसू आवरेना. पुढच्या आठवड्यात ती कॉलेजच्या हॉस्टेलवर राहायला जाणार होती. जाण्याआधी आईच्या फोनमधला फोटोंचा उकिरडा उपसायचाच, असा तिने विडा उचलला होता. एकच फोटो चार-चारदा, मध्येच गिऱ्हाइकांचे उसवलेले कोट, मध्येच चुकून काढलेला स्वतःचा अंगठा. सगळं लॅपटॉपवर ओतलं होतं आणि नवीन ॲप चेहरे ओळखून ज्याचे त्याचे फोटो वेगळे करत होतं.

आई शिलाई मशीनवर एका कोटाचं अस्तर बदलत होती. ती उठून चिमीच्या मागे उभी राहिली.

फोटो पोहण्याच्या स्पर्धेचा होता. पुढे चिमी, गळ्यात पदक. मागे प्रेक्षकांत एक चाळिशीची बाई, अंगाने बारीक, केस आखूड. सगळे तलावाकडे बघत होते. ही एकटी चिमीकडे बघत होती.

"असेल कोणाची तरी आई," आई म्हणाली.

"असेल. पण मग ही इथेही कशी?"

पुस्तकांच्या दुकानात चिमी, आणि काचेच्या पलीकडे तीच बाई. बसस्टॉपवर चिमी, आणि रांगेत चार माणसं सोडून तीच. आइस्क्रीमच्या दुकानात तर ती शेजारच्या टेबलावर बसली होती. समोरचं आइस्क्रीम वितळून गेलेलं.

 हे सगळे फोटो आईनेच काढले होते. पण फोटो काढताना आपल्या पोरीपलीकडे तिला कधी काही दिसलंच नव्हतं.

"सगळे यंदाचेच आहेत," चिमीचं हसू मावळलं. "आधीच्या स्पर्धेच्या वेळी माझा फोटो पेपरात छापून आला ना, त्यानंतरचे."

तो फोटो आला तेव्हा आईने घर डोक्यावर घेतलं होतं. शेजारीपाजारी कौतुक करत होते, आणि ही बया पोहण्याच्या मास्तरांशी कडाकडा भांडून आली होती. पोरीला असं चव्हाट्यावर मांडायला तुम्हाला कोणी सांगितलं म्हणून! आता बघा. म्हणत होते ना मी?

"आई, पोलिसांकडे जाऊया."

"नको!" आई केवढ्याने तरी ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पोलीस चौकी ही त्याच्या अलीकडची पायरी. आपण घर बदलू."

"परत? इतकी घरं बदलली की गल्लीतली कुत्रीसुद्धा आपल्याशी ओळख वाढवत नाहीत."

आईने खिडकीचा पडदा ओढून घेतला.  नवरा नाही, माहेर नाही, जिवाला जीव म्हणून ही एकच पोर. हिला काही झालं तर जगायचं कोणासाठी?

आईचा चेहरा बघून चिमीने विषय बदलला. भराभरा मागे जात तिने सगळ्यात जुना फोटो उघडला. दीड-दोन वर्षांची चिमी शिलाई मशीनवर बसलेली. एका पायात पिवळा लोकरी मोजा, दुसरा पाय उघडा.

"माझा पहिला फोटो. याच्या आधीचा एकही नाही."

"किती वेळा सांगू? जुना फोन पाण्यात पडला."

"आणि दुसरा मोजा? तोही पाण्यात पडला?"

आई हसली नाही. एरवी तिने पाठीत धपाटा घातला असता.

चिमी पुन्हा अलीकडच्या फोटोंकडे वळली. शेवटचा फोटो कालचा होता. हॉस्टेलसाठी घेतलेली नवी बॅग पाठीला लावून ती घराच्या दारात उभी होती. मागच्या खिडकीच्या काचेत समोरचा फुटपाथ उमटला होता. चिमीने फोटो मोठा केला. फुटपाथवर कोणीतरी उभं होतं. आखूड केस.

"आई," चिमी कुजबुजली, "तिला आपलं घर माहीत आहे."

तेवढ्यात बेल वाजली.

आईने झडप घालून कडी लावली आणि दाराच्या भिंगातून पाहिलं. तीच होती. इतक्या जवळून तिचे डोळे पाहिले आणि आई दारापासून मागे सरली. ॲप का चुकलं ते तिला कळलं.

"तीच आहे का?" चिमीने विचारलं.

"खबरदार दार उघडशील तर!" आईने कापड कापायची मोठी कात्री हातात घेतली. "तुला माझ्यापासून कोणाला न्यायचं असेल, तर आधी माझा मुडदा पडेल."

बाहेरची बाई ओरडली नाही, तिने दारही ठोठावलं नाही. ती खाली वाकल्याचा नुसता आवाज आला. दाराखालच्या फटीतून काहीतरी पिवळं, चपटं हळूहळू आत सरकलं.

चिमीने ते उचललं. तळहाताहूनही लहान, लोकरीचं, धुऊन धुऊन विटलेलं. तिने लॅपटॉपकडे पाहिलं. मग आईकडे.

"आई... हा माझा मोजा बाहेरच्या बाईकडे कसा?"

आईच्या हातातली कात्री खाली पडली. बागेतल्या बाळगाडीतून झोपलेली पोर उचलून पळताना एक मोजा गळून पडल्याचं तिला तेव्हाच दिसलं होतं, पण तो उचलायला ती मागे वळली नव्हती.