सोनाबाईंची कडक भाकरी

भवानी पेठेतल्या हिंदुरावांचं आई सोनाबाईंवर फार प्रेम होतं, हे आई गेल्यावर सगळ्यांना कळलं.

वर्षश्राद्धाला ते पाहुण्यांना सांगत होते, "आईच्या हातची कडक भाकरी म्हंजे लई भारी. आजून कानात त्यो आवाज हाय." बोलताना त्यांच्या पुढच्या दाताची चांदीची टोपी चमकत होती.

सोनाबाईंचे सगळे दात पडल्यावरही हिंदुराव त्यांना तीच भाकरी द्यायचे, कोरडी.

"लेका, जरा आमटीत भिजवून दे की," त्या म्हणायच्या.

"चावत बस. तुजा येळ तरी जाईल," हे म्हणायचे.

फोटो मात्र हसरा निवडला होता. बोळकं छान आलं होतं.

फोटोपुढं नैवेद्याचं पान मांडलं. आईची आवड म्हणून त्यात कडक भाकरी आठवणीनं ठेवली. पंगत बसली. हिंदुरावांनी मऊ पुरणपोळीचा पहिला घास घेतला, तेवढ्यात फोटोच्या बाजूनं आवाज आला.

कट्ट.

"उंदीर असंल," ते म्हणाले.

बायको शालन उठून बघून आली. "न्हाई वो. भाकरी हाय तशी हाय."

हिंदुरावांच्या जिभेला पुढं मोकळी जागा लागली. दात घासात नव्हता, पानातही नव्हता. त्यांनी मान वर करून फोटोकडं पाहिलं.

आईच्या बोळक्यात चांदीची टोपी चमकत होती.

हिंदुरावांनी दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं.

कट्ट.