पाळण्यावर वाकलेली बाई

"चिमे, पोराला आत ने."

दौलतरावच्या सासूने, कौसाबाईने लेकीला हुकूम सोडला, तेव्हा बकुळा अजून उंबऱ्याबाहेरच होती. दौलतरावच्या मुलाचं बारसं होतं. बकुळा दौलतरावची थोरली बहीण, खरवई गावातच दुसऱ्या आळीत राहणारी. हातात तिने स्वतः शिवलेली कुंची होती. तिला बघताच बायकांनी पाळणा थांबवला. एकीने आपल्या लेकराच्या तोंडावर पदर ओढला.

"आत्या आहे मी त्याची," बकुळा म्हणाली. "नाव मीच ठेवायचं."

"तू कोण, ते सगळ्या गावानं बघितलंय," कौसाबाई म्हणाली.

बघितलं होतं खरं. गावाबाहेरच्या बंगल्यात भुताच्या पिक्चरचं शूटिंग आलं, तेव्हा त्यांना हाडकुळी, उंच बाई हवी होती. दौलतरावच बकुळाला हौसेने घेऊन गेला. तोंडाला पीठ फासून, पोरं खाणारी हडळ म्हणून तिला पाळण्यावर वाकायला लावलं. थेटरात तो पिक्चर आठवडाभरही टिकला नाही. पण दर गणपतीत उल्हासनगरहून भाड्याचा व्हिडिओ यायचा, आणि गाव ओरडून तीच कॅसेट लावायला सांगायचं. यंदा गावातल्या हरिचंद्राची तान्ही मुलगी तापाने गेली. तेव्हापासून बकुळाला कुणी दारात उभं करेना.

"दौलत, सांग ना यांना! पाळण्यात बाहुली होती. तू तिथंच होतास."

दौलतराव पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "ताई, नवसाचं पोर आहे. तू जा."

तिने कुंची उंबऱ्यावर ठेवली. कौसाबाईने ती केरसुणीने बाहेर लोटली.

बकुळा घरी गेली आणि हंडा-कळशी घेऊन सार्वजनिक नळावर आली. पाणी नुकतंच आलं होतं. रांग पार पिंपळापर्यंत गेलेली. ती दिसली आणि रांग फुटली. सगळ्या लांब सरकल्या. इंदुबाईने तर अर्धी भरलेली घागर तशीच ओढून घेतली.

बकुळा थेट नळाशी गेली. मग तिने हंडा भरला, कळशी भरली. निघाली मात्र नाही. नळाच्या कट्ट्यावर बसली, साडी पोटरीपर्यंत वर घेतली आणि धारेखाली एक पाय धरला. टाच दगडाने घासायला लागली, सावकाश.

नळाची धार बारीक होत चालली.

"आक्का," इंदुबाई लांबूनच, हात जोडल्यासारखं बोलली, "पाणी जाईल गो."

बकुळाने दुसरा पाय धारेखाली घेतला.