चिंचेची साक्ष

चिंचेच्या पारावर नावाची पाटी लागण्यात फायदा सरपंच दामूअण्णांचाच होता. झाडलोट करणाऱ्या हौसाबाईला वाचताही येत नव्हतं. गावानं ठरवलं होतं, झाड ज्याला आपला सांभाळणारा म्हणून ओळखेल त्याच्या नावाची पाटी; म्हणून अण्णांनी बुंध्याशी ट्रॉलीभर शेणखत रचलं होतं.

मुळांची बोली उलगडणाऱ्या यंत्रातून म्हातारी चिंच बोलली, "बुंध्याशी जीव गुदमरतोय. माझी खाणारी मुळं फांद्यांच्या टोकांखाली आहेत. तिथं पाला अंथरून जिनं माती भुसभुशीत केली, ती डावा पाय ओढत चालते."

पारापाशी जमलेले सगळे हौसाबाईकडं वळले.

"काय गं, पाला उकिरड्यावर टाकायचा ना?" अण्णा खेकसले.

"उकिरडा लांब पडतो, अण्णा. अकरा वर्सं हितंच पसरला," हौसाबाई ताठ मानेनं म्हणाली.

हौसाबाईच्या नावाची पाटी लागली, ती तिनं तिघांकडून वाचून घेतली. खत अण्णांचं गेलं. हौसाबाईचं काहीच गेलं नाही. पाला चिंचेचाच होता.